चेनजियागौची निवासी शाळा की बीजिंगच्या बागेतले मास्तर?

ताई-ची या चिनी युद्धकलेची चेन शैली गुरूंसमोर बसून... नव्हे, समोर उभं राहूनच शिकायची हे एकदा ठरलं, की पुढचा प्रश्न येतो तो कुठे शिकायची हा. मी दोन्हीकडे शिकलोय. हेनान प्रांतात चेनजियागौच्या एका निवासी शाळेत सहा आठवडे, आणि नोकरीनिमित्त बीजिंगला होतो तेव्हा रोज पहाटे बागेत, दोन वर्षं.

चेनजियागौला पाय ठेवला की मन भरून येतं. सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग यांच्यापासून ही विद्या या गावात चालत आलीय. यांग शैलीचे मूळपुरुष यांग लुचान इथेच चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले. शाळेत दिवस भरगच्च असतो. सकाळी नुसतं स्थिर उभं राहायचं, मग लाओजिया यीलू, म्हणजे या शैलीतला हालचालींचा पहिला लांबलचक क्रम, संध्याकाळी तुइशोउ, म्हणजे जोडीदाराच्या हाताला हात लावून करायचा सराव. तुइशोउला रोज वेगळा जोडीदार मिळतो. कुणी किडकिडीत, कुणी दांडगा. ही चैन बागेत नाही.

पण माझा निर्णय झाला तो गुडघ्यावरून. शाळेत शिकवणारे आलटूनपालटून येत. लान झा यी या एकाच स्थितीत एकाने मला आणखी खाली बसवलं, दुसऱ्याने गुडघा आत ढकलला, तिसऱ्याने बाहेर. प्रत्येकजण मनापासून शिकवत होता, पण काल मला काय सांगितलं गेलं हे आजच्याला ठाऊक नसे. मुख्य गुरुजी सकाळी येत, तीसेक जणांवरून नजर फिरवत आणि जात. तिसऱ्या आठवड्यात मी कठडा धरून जिना उतरत होतो.

बागेतल्या मास्तरांकडे आम्ही पाचजण. वय सत्तरीच्या पुढचं, बोलणं मोजकं. त्यांनी माझा गुडघा पाहिलाच नाही. जांघेच्या घडीत दोन बोटं रोवली आणि म्हणाले, ‘सोंग’, म्हणजे सैल सोड. घडी जरा उघडली तसा गुडघा आपोआप पावलाच्या दिशेला आला. मग माझा तळहात त्यांनी स्वतःच्या कमरेवर ठेवून घेतला आणि सावकाश वळले. हात हलण्याआधी कमरेत काहीतरी फिरलं, ते तळहाताला कळलं. समोरून पाहून ते कधीच दिसलं नसतं. चेन शैलीसाठी बीजिंग दुय्यम आहे असंही नाही. चेनजियागौचेच नामवंत गुरू चेन फाके १९२८ साली बीजिंगला आले आणि १९५७ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

अडचणी आहेतच. हिवाळ्यात पहाटे पारा शून्याखाली असतो, बोटं वळत नाहीत. कामचलाऊ चिनी यायलाच हवी. आणि असे मास्तर जाहिरात करत नाहीत. महिनाभर बागा पालथ्या घालाव्या लागतात.

तेव्हा हाताशी महिन्या-दीड महिन्याचीच रजा असेल आणि भाषा येत नसेल, तर चेनजियागौ बरं, असं मला वाटतं. फक्त पैसे भरण्याआधी विचारून घ्या, की शेवटपर्यंत रोज एकच शिक्षक मिळणार का. ‘बघू’ असं उत्तर आलं तर दुसरी शाळा पाहा. वर्षभर राहणं जमणार असेल, तर मी तरी बागच निवडेन.

माझा गुडघा आता दुखत नाही. यीलू पूर्ण व्हायला मात्र बागेत चौदा महिने लागले.