चार वर्षांत चौपट झालेलं कॉलेज: माझा रिव्ह्यू

आत्ताच शेवटचं सबमिशन करून आलेय, सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते. पाचपैकी साडेतीन स्टार. साडेतीनच का ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण मी अ‍ॅडमिशन घेतली ते कॉलेज आणि आता सोडतेय ते कॉलेज, पाटीवरचं नाव सोडलं तर दोन वेगळीच आहेत.

फर्स्ट इयरला आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बॅचला 60 जण होते, एकच बिल्डिंग, आणि आमच्या पुढे फक्त दोन बॅच. सर वर्गावर एक नजर फिरवून आज कोण नाही ते सांगायचे, रजिस्टर नंतर उघडायचे. लायब्ररीतल्या मॅडम पुस्तक परत घेताना विचारायच्या, तो मधला अवघड चॅप्टर कळला का गं. क्लब वगैरे काहीच नव्हतं म्हणून आम्हीच सुरू केलं सगळं, भित्तिपत्रक काय, नाटकाचा ग्रुप काय. नाटकात लाइट्स सांभाळायला कुणीच नव्हतं म्हणून मी शिकले आणि पुढची तीन वर्षं तेच केलं, आज माझ्या प्रोजेक्टमध्ये जो डिमर सर्किटचा (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा) भाग आहे तो तिथूनच आलाय.

सेकंड इयरला नवीन बॅच 120 ची आली, थर्ड इयरला 240 ची. ही मधली दोन वर्षं खूप जड गेली, एक स्टार तिथेच गेला. मुलं वाढतात एका अ‍ॅडमिशन राउंडमध्ये, पण बाकीचं काहीच त्या वेगाने वाढत नाही ना. नुसता स्लॅब धरला तरी काँक्रीटची ताकद 28 दिवसांची मोजतात, मग प्लास्टर, वायरिंग, मशीन्सची खरेदी, आणि चांगला शिक्षक मिळायला तर याहून जास्त वेळ लागतो. तोवर वाढलेली सगळी मुलं जुन्याच खोल्यांत. आधी एका ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा ग्राफ स्क्रीनवर दाखवणारं मशीन) दोघं असायचो, थर्ड इयरला पाच पाच जण, त्यामुळे पुढचे दोघं नॉब फिरवायचे आणि मागचे नुसते रीडिंग उतरवून घ्यायचे, आणि प्रॅक्टिकल परीक्षेत मागच्यांचे हात थरथरायचे कारण ट्रिगर सेट करायची, म्हणजे स्क्रीनवरचा ग्राफ स्थिर करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. एक विषय एका सेमिस्टरमध्ये तिघांनी शिकवला, प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात केली, शेवटचे दोन युनिट आम्ही एकमेकांना शिकवले. वायफाय तर विचारूच नका. तक्रारी आल्या की जुन्या बिल्डिंगमध्ये अजून राउटर लावायचे आणि स्पीड उलट कमी व्हायचा, कारण 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या आड न येणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, मग जास्तीचे राउटर त्याच चॅनलवर एकमेकांना अडवायचे. हे नेटवर्क सांभाळणाऱ्या दादांनी आम्हाला लॅपटॉपवर ग्राफ काढून दाखवलं, त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं लेक्चर माझ्यासाठी तेच.

फायनल इयरला नवी बिल्डिंग मिळाली आणि मग मात्र फरक दिसला. लॅबमध्ये परत दोघांत एक सेटअप, रीडिंग रूम रात्रभर उघडी. सगळ्यात मोठा फायदा इलेक्टिव्हजचा, म्हणजे आपण निवडायच्या विषयांचा. एखादा विषय चालू करायला ठरावीक मुलं लागतात, 60 च्या बॅचमध्ये तेवढी भरायचीच नाहीत म्हणून दोनच विषय चालायचे आणि ज्याला तिसरं काही हवं असेल त्याने गप्प बसायचं. आता 240 मध्ये जरा वेगळ्या विषयालाही वीस जण सहज निघतात. मला सायकॉलॉजी घेता आली ती आमच्या मागे ज्युनिअर्सची एवढी गर्दी होती म्हणून, कारण तो वर्ग दोन वर्षांचा मिळून होता.

आणि त्याच वर्गात कळलं की मला जे चार वर्षं जाणवत होतं त्यावर 1964 मध्येच अभ्यास झालाय. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लहान आणि मोठ्या हायस्कूल्स बघितल्या. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण जबाबदारीचं काम लहान शाळेतल्या मुलांच्या वाट्याला जास्त यायचं, कारण तिथे माणसंच कमी आणि प्रत्येकाशिवाय अडायचं. मला एकदम आमचे लाइट्स आठवले. आज नाटकाच्या ग्रुपला ऑडिशन असते, 80 मुलं येतात, 15 घेतात. नाटक आधीपेक्षा खूप चांगलं होतं हे मी मान्य करते, पण त्या 65 जणांचं काय हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. म्हणून यंदा आम्ही फायनल इयरवाल्यांनी बॅकस्टेजसाठी ऑडिशन बंद केली, येईल त्याला काम.

अ‍ॅडमिशन घेणाऱ्यांनी एवढं करा. बांधकाम चालू असलेली बिल्डिंग हिशोबात धरू नका, आज जी उघडी आहे तीच तुमची. लॅब बघायला प्रॅक्टिकलच्या वेळी जा, रिकामी लॅब सगळ्यांचीच छान दिसते. आणि इनटेक, म्हणजे दर वर्षी घेतात त्या मुलांची संख्या, कधी वाढला ते विचाराच. नुकताच वाढला असेल तर तुम्ही आमच्यासारखे मधले, दोन वर्षं झाली असतील तर तुमचं नशीब चांगलं.

रीडिंग रूममध्ये खिडकीजवळच्या टेबलांना प्लग पॉइंट नाहीयेत, लॅपटॉप चार्ज करून जा. लायब्ररीतल्या मॅडम आता तळमजल्यावर बसतात, जाऊन नाव सांगा, दोन भेटींत लक्षात ठेवतात, अजूनही.