नेरुळच्या बाल्कनीत चौदा महिने: मोठ्या फुलांचं सुगंधी कॅटलिया ऑर्किड

गेल्या मार्चमध्ये पाच कंदांचं (कंद म्हणजे पानाखालचं फुगीर खोड), फुलायच्या वयाला आलेलं रोप घेतलं. नोव्हेंबरात दोन फुलं आली, या मे महिन्यात तीन. फूल 16 सेंटिमीटर रुंद, ओठाला, म्हणजे पुढच्या मोठ्या पाकळीला, दाट झालर. लेबलवर ‘बीएलसी’ हे संकराच्या गटाचं लघुनाव होतं, पण हल्ली हेच संकर ‘आरएलसी’ नावाने मिळतात. या संकरांची एक पूर्वज, पूर्वी ब्रासावोला गटात धरलेली डिग्बियाना ही मेक्सिको-होंडुरासकडची जात आता रिंकोलेलिया गटात गेली, म्हणून नाव बदललं. झालर तिच्याकडूनच आली आहे.

आपल्या हवेत या रोपाला पाणी किती घालता याहून कुंडी किती लवकर सुकते हे महत्त्वाचं. मुळावर व्हेलामेन नावाचं स्पंजासारखं आवरण असतं. सुकं असताना ते चांदीसारखं पांढुरकं दिसतं, पाणी पडलं की काही सेकंदांत हिरवट होतं. ते पुन्हा पांढरं व्हायच्या आत पाणी नको. नर्सरीतून आलेलं रोप प्लॅस्टिकच्या कुंडीत, कोकोपीटमध्ये होतं. आपल्या पावसाळ्यात त्यात मुळं हमखास कुजतात. बाजूला भोकं असलेली पाच इंची मातीची कुंडी घ्या आणि लाकडी कोळसा व विटांचे सुपारीएवढे तुकडे निम्मे-निम्मे भरा. कुंडी मात्र मनाला येईल तेव्हा बदलू नये. नव्या कोंबाच्या बुडाशी सेंटिमीटरभर मुळं दिसली की बदलावी. जुना कंद कडेला टेकवा, नव्या कोंबापुढे दोन कंदांची जागा सोडा आणि रोप काठीला घट्ट बांधा. हललं की कोवळ्या मुळांची टोकं घासून मरतात.

या मिश्रणात एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी पाणी लागतं, जुलैत पाच-सहा दिवसांनी. पावसात उघड्यावर ठेवू नका. कोंबाच्या पानात पाणी साचलं की काळी कूज येते: कोंब बुडापासून काळा, मऊ होतो आणि ओढला की अलगद हातात येतो. तसं झालं तर मागचा एक निरोगी कंदही कापून टाका, काप आतून पांढरा दिसलाच पाहिजे. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, लिटरला अडीच ग्रॅम.

खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. त्यात कॅल्शियम नसतं आणि इथल्या नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणीही तसं मऊच. कडक उन्हाळ्यात कोंब झपाट्याने वाढतो आणि नव्या पानाचं टोक काळं पडतं, ते बरेचदा याच कमतरतेने. बुरशी समजून औषधं मारत बसू नका. दर तिसऱ्या वेळी 19:19:19 ऐवजी कॅल्शियम नायट्रेट द्या, तेही अर्धा ग्रॅम. दोन्ही एकाच पाण्यात कालवलं तर फॉस्फेट खाली बसतं आणि दोन्ही वाया जातात.

पश्चिमेच्या उन्हाला 50 टक्क्यांची शेडनेट पुरली. पान पोपटी हवं. गडद हिरवं, लुसलुशीत पान दिसायला छान, पण ते उजेड कमी पडल्याचं लक्षण आणि तिथे फूल येत नाही. उलट दुपारी पान हाताला गरम लागलं तर डाग पडणार हे नक्की. कंदावरची सुकी पापुद्री सोलून काढा, खवले कीड तिच्याखालीच दडते. टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

कळीची म्यान, म्हणजे कळीभोवतीचं पानासारखं आवरण, सुकली म्हणून कापू नका. उजेडासमोर धरली तर आत कळी असल्यास तिची सावली दिसते, कधी कधी सुकलेल्या म्यानीतूनही कळी येते.

मे महिन्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. फुललेली कुंडी घरात आणली, तर आंब्याच्या पेटीजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो. त्याने आधी बाहेरची तीन दलं टोकाकडून कागदासारखी पारदर्शक होतात, मग फूल मान टाकतं. एरवी आपल्या उकाड्यातही ते बारा-पंधरा दिवस टिकतं. पिकलेल्या केळ्यांचंही तेच.

सुगंधासाठी थोडं थांबावं लागतं. फूल उमललं त्या दिवशी जवळजवळ काहीच येत नाही, तिसऱ्या दिवशी भरतो. या रोपाचा सकाळी आठ ते अकरा, ऊन अंगावर आलं की. संध्याकाळी नाक टेकवूनही फारसा येत नाही. नर्सरीत संध्याकाळी वास घेऊन रोप नाकारू नका, सकाळी जा.