प्रोटीनची समर इंटर्नशिप: पिपेट धरायचं की लॅपटॉप?

सांगलीतली बीएस्सीची पोरं सेकंड इयर संपत आलं की हमखास विचारतात, ताई दोन महिने मोकळे आहेत, प्रोटीनवर काम करायचंय, वेट लॅब (हातानं प्रयोग) बघू की कम्प्युटेशनल (कम्प्युटरवर प्रोटीनचा अभ्यास)? माझं थोडं थोडं दोन्ही झालंय म्हणून सांगते.

वेट लॅब म्हणजे घर सोडणं आलं. पुण्यात आयसर, एनसीएल, एनसीसीएस, नाहीतर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, बेंगळुरूचं एनसीबीएस, अशा संशोधन संस्था. काम ऐकायला सोपं, ई. कोलाय या बॅक्टेरियात प्रोटीनचा जीन टाकायचा, ओडी (गढूळपणा, म्हणजे वाढ किती झाली) 0.6 झाली की आयपीटीजी (प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) घालायचं, पेशी फोडायच्या, निकेल कॉलमवरून (आपलं प्रोटीन धरून ठेवणारी नळी) प्रोटीन धुऊन काढायचं. माझं प्रोटीन मात्र सगळं खाली पेलेटमध्ये (गाळात) जाऊन बसलं, वर सूपमध्ये (द्रवात) काहीच नाही, तीन आठवडे हेच, शेवटी बॅक्टेरिया 37 ऐवजी 18 डिग्रीला रात्रभर ठेवले तेव्हा कुठं जेलवर (जिथं प्रोटीन रेघांसारखी दिसतात) एक बारीक निळी रेघ दिसली आणि मी ती आईला व्हॉट्सअ‍ॅप केली (आई म्हणाली, बरं, जेवलीस का).

कम्प्युटेशनलला विश्रामबागच्या घरी बसूनही चालतं. पीडीबी (प्रोटीनच्या रचनांचा साठा) फुकट, ग्रोमॅक्स (प्रोटीनच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) फुकट, सिक्वेन्सवरून रचना सांगणारं अल्फाफोल्ड बनवणाऱ्यांना तर 2024 च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा पण मिळाला. मे महिन्यात वळीव आला की लाईट जाते आणि सिम्युलेशन बंद पडतं, पण चेकपॉइंट फाइल असली की पुढं चालू होतं. खरी अडचण वेगळीच आहे, अल्फाफोल्डमध्ये सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) टाकला की रंगीत हेलिक्स (पिळाचं चित्र) लगेच येतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. कॉन्फिडन्स स्कोअर (अंदाजावर किती भरवसा) कुठं पडलाय, शेवयांसारखा लोंबणारा भाग खरा आहे का, हे बघायला शिकवणारं कुणी नसेल तर दोन महिने नुसते स्क्रीनशॉट. परीक्षेपुरता पाठ केलेला 1963 चा रामचंद्रन प्लॉट (प्रोटीनच्या साखळीचे कोणते कोन शक्य आहेत ते दाखवणारा आलेख) इथं खरोखर लागतो.

माझं मत विचाराल तर कॉलेजात पिपेट चौघांत एक मिळालं असेल तर डोळे झाकून वेट लॅब, कोडिंग घरी नंतरही शिकता येतं, कॉलम घरी नाही चालवता येत. फिजिक्स-मॅथ्सवाल्यांनी उलटं करायला हरकत नाही. दोन्ही बाजू जोडलेली लॅब मिळाली, म्हणजे कम्प्युटरने सुचवलेलं म्युटेशन शेजारच्या टेबलावर तपासतात अशी, तर मग सोडूच नका.

पैशाचं म्हणाल तर विज्ञान अकादम्यांच्या फेलोशिपमध्ये स्टायपेंड मिळतो, पण फॉर्मचं दिवाळीच्या सुमारासच बघायला लागतं. थेट मेल करून मिळालेल्या जागेवर बहुतेक वेळा पदरमोड, पुण्यातली कॉट आणि मेस धरूनच हिशोब करा. अमेरिकेतल्या आरईयूच्या (विद्यार्थ्यांच्या समर रिसर्च योजनेच्या) नादी लागू नका, एनएसएफ या तिथल्या सरकारी संस्थेचा तो पैसा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच.

आणि मेल पाठवायच्या आधी लॅबचं पान उघडून बघा. मी ‘रिस्पेक्टेड सर’ लिहून पाठवलेलं, त्या मॅडम निघाल्या.