इक्विलॅब: पोकरमधली चूक नेमकी कुठे झाली ते दाखवणारं फुकटचं साधन

‘नशीबच नव्हतं’ म्हणून सोडून दिलेल्या डावांपैकी बरेच डाव फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामायिक पत्ते) उघडायच्या आधीच बिघडलेले असतात. ते पकडायला हौशी खेळाडूसाठी पोकर शिकवणाऱ्या पोकरस्ट्रॅटेजी या संकेतस्थळाचं इक्विलॅब पुरेसं आहे. तुमचा हात समोरच्याच्या हातांसमोर किती टक्के जिंकेल, ते हे साधन मोजतं. विंडोजवर चालतं, फुकट आहे आणि त्याला हँड हिस्टरीची, म्हणजे ऑनलाइन डावांच्या नोंदीची फाइल लागत नाही. भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशांवरच्या ऑनलाइन पोकरवर बंदी आली. गोव्यातल्या कॅसिनोत किंवा मित्रांच्या टेबलावर खेळलेले हात वहीतून उतरवूनच तपासावे लागतात, त्यामुळे ही सोय मोठी आहे.

वेगवेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम घ्या. कोणत्याही अनोळखी हातासमोर ते 60 टक्क्यांच्या वर जिंकतात, म्हणून हात भारी वाटतो. आता आवळून, म्हणजे मोजकेच भारी हात खेळणाऱ्याने तुमच्यावर री-रेझ केला (तुमच्या वाढवलेल्या रकमेवर आणखी वाढवलं) आहे असं धरून त्याच्या रकान्यात ‘क्यूक्यू+, एके’ ही रेंज, म्हणजे त्याच्याकडे असू शकणारे हात (राणीची किंवा त्याहून मोठी जोडी, नाहीतर एक्का-राजा) भरा. आकडा 25 च्या आसपास घसरतो. कारण मोजता येतं: तुमच्या हातात एक एक्का असल्याने त्याच्या एक्क्यांच्या जोडीचे कॉम्बो (पत्त्यांच्या शक्य जोड्या) 6 वरून 3 होतात, पण एक्का-राजाचे 16 पैकी 12 उरतातच. एक्का लागला तरी तिथे तुमचा गुलाम मार खातो. हौशी खेळातली ही महागडी गळती आहे, आणि सगळे हात मांडलेल्या 13 बाय 13 च्या चौकटीत ती डोळ्यांना दिसते.

एका ठिकाणी मात्र हे साधन फसवू शकतं. तुमच्याकडे बदामची अठ्ठी-सत्ती, फ्लॉपला बदामचा राजा, बदामची चौकी, किलवरची दुर्री. समोरच्याच्या हातात एक राजा, म्हणजे फ्लॉपच्या राजाशी त्याची जोडी. इक्विलॅब 35 टक्क्यांच्या पुढेमागे आकडा देतं, कारण ते नेहमी रिव्हरपर्यंतचे (टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंतचे) सगळे पत्ते उघडून मोजतं. ऑल-इन असेल, म्हणजे सगळ्या चिप्स लागलेल्या असतील, तर तो आकडा बरोबर. पण पॉट (मधे जमलेली रक्कम) 1,000 आणि समोरच्याची बेट 500 असेल, मागे चिप्स शिल्लक असतील, तर 500 मध्ये तुम्ही फक्त टर्न, म्हणजे चौथा पत्ता विकत घेता. न दिसलेल्या 47 पत्त्यांत 9 बदाम, म्हणजे 19 टक्के. कॉल करायला, म्हणजे 500 भरून 1,500 जिंकायला, हवेत 25. फ्लश (पाच बदाम) लागल्यावर समोरच्याकडून आणखी साधारण 610 चिप्स निघणार असतील तरच कॉल बरोबरीत सुटतो. हा हिशेब कागदावरच करावा लागतो. तुमच्या रेझवर समोरचा किती वेळा फोल्ड करेल (पत्ते टाकेल), तेही इक्विलॅबच्या आकड्यात धरलेलं नसतं.

मोजणीसाठी ‘एन्युमरेट ऑल’ (सगळ्या शक्यता मोजणं) आणि ‘मॉन्टे कार्लो’ (यादृच्छिक नमुने काढून अंदाज करणं) असे दोन पर्याय आहेत. दोन खेळाडूंत पहिला वापरा, तिघं-चौघं रुंद रेंजचे असतील तर दुसरा. सोबतचा इक्विटी ट्रेनर, म्हणजे जिंकण्याची टक्केवारी ओळखण्याचा सराव, हाही रोज दहा मिनिटं वापरण्यासारखा आहे.

वापरताना एक शिस्त पाळाच. शोडाउनला (शेवटी पत्ते उघडताना) दिसलेले दोन पत्ते समोरच्याच्या रकान्यात भरू नका, निर्णय घेताना ते तुम्हाला माहीत नव्हते. पोझिशन (टेबलावर कोण कुठे बसलंय), रेझची रक्कम आणि पॉट एवढंच वहीत लिहा, त्यावरून रेंज ठरवा, आपला अंदाजी आकडा शेजारी मांडा आणि मगच बटण दाबा.