गावच्या वाचनालयासाठी निधी: ग्रामपंचायत, खासदार निधी की कंपनीचा सीएसआर?

गावात वाचनालय आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायचे ठरले, की मंडळाच्या पहिल्याच बैठकीत अर्ज कुठे करायचा हा प्रश्न निघतो आणि बहुधा ज्याची ओळख जवळची, तिकडे अर्ज जातो. त्याआधी आपल्याला इमारत हवी आहे, सामान हवे आहे की महिन्याचा खर्च, हे कागदावर मांडलेले बरे. खालील प्रत्येक मार्ग यांपैकी एखाद्याच गरजेसाठी सोयीचा आहे.

ग्रामपंचायतीचा मार्ग सर्वांत जवळचा आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ग्रंथालयांचा समावेश असल्यामुळे हा खर्च पंचायतीच्या कक्षेत बसतो. मात्र १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होती. वाचनालयाला वाव होता तो उरलेल्या ४० टक्क्यांच्या अबंधित भागात, आणि तिथे रस्ता, दिवाबत्ती, अंगणवाडीची दुरुस्ती असे मागणीदार आधीच रांगेत असतात. शिवाय या अबंधित निधीतूनही वेतन व आस्थापना खर्च करता येत नव्हता. ग्रामसभेत विषय मांडून काम विकास आराखड्यात घातले नसेल, तर पुढचा पत्रव्यवहार व्यर्थ ठरतो. या मार्गाचा मोठा फायदा असा, की मंडळ नोंदणीकृत नसले तरी अडत नाही, कारण पैसा पंचायतच खर्च करते.

खासदार निधीतून रक्कम मोठी मिळू शकते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. ‘सुचवता येतात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शिफारसपत्र हाती आले म्हणजे निधी मंजूर झाला असे समजून गावात पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात शिफारशीनंतर अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता या पायऱ्या असतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते, आणि काम शासकीय यंत्रणेमार्फत होत असल्यामुळे मंडळाच्या खात्यात रुपयाही येत नाही. हा निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. त्यातून आवर्ती खर्च चालत नाही, म्हणून खोली बांधून मिळाली तरी विजेचे बिल कोण भरणार हा प्रश्न उरतोच. आमदार निधीचा व्यवहारही साधारण याच धाटणीचा असतो.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीबाबत समज कमी आणि अपेक्षा जास्त, असे चित्र दिसते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट नमूद आहे आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. म्हणून औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांनी हा मार्ग आधी तपासावा. येथे पुस्तके, संगणक, कपाटे आणि प्रकल्पाच्या मुदतीपुरते ग्रंथपालाचे मानधनही मागता येते. ही मुदत मात्र मर्यादित आहे: सलग चालणारा प्रकल्प सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा धरला जातो.

अडते ते कागदपत्रांवर. संस्थेकडे प्राप्तिकराची १२-ए व ८०-जी नावांनी परिचित असलेली करसवलतीची नोंदणी आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेला सीएसआर-१ क्रमांक, म्हणजे सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेचा नोंदणी क्रमांक, असावा लागतो. त्यातच धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट-१ वर, म्हणजे विश्वस्तांची नोंद असलेल्या उताऱ्यावर, दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच असतात, कारण बदल अर्ज वर्षानुवर्षे दाखल केलेला नसतो. कंपनीचे लोक सौजन्याने चहा पाजतात आणि फाइल बाजूला ठेवतात. कागद तयार असतील, तरी मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा कंपनीचा वार्षिक कृती आराखडा ठरण्यापूर्वी प्रस्ताव पोहोचवणे शहाणपणाचे.

परदेशातील गावकऱ्यांची देणगी सोपी वाटते, पण भारतीय नागरिकत्व असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची रक्कम यांत कायदा फरक करतो. ‘ओसीआय’ कार्डधारकाची, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची, देणगी विदेशी योगदान नियमन कायद्याखाली येते आणि त्या नोंदणीशिवाय ती स्वीकारू नये.

दरवर्षीच्या खर्चाला खरा आधार देणारी एकच व्यवस्था आहे: महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार मिळणारे परिरक्षण अनुदान. मान्यता वाचनालय उघडल्याबरोबर मिळत नाही आणि नव्या मान्यतेचे धोरण शासन ठरवते, म्हणून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रत्यक्ष चौकशी करावी. सभासदांची वर्गणी, पुस्तकांची दाखलखारीज नोंदवही आणि देवघेवीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवलेल्या असतील, तर ती चौकशी सोपी जाते.

माझा कौल असा: इमारत नसेल तर ती सार्वजनिक जागेवर, पंचायत किंवा खासदार निधीतून उभी करावी आणि वापराबाबत मंडळ व पंचायत यांचा लेखी करार ठरावासह करून घ्यावा, नाहीतर सरपंच बदलल्यावर अभ्यासिकेचे गोदाम होऊ शकते. इमारत आधीच असेल तर सीएसआरकडे वळावे, पण प्रस्तावात चौथ्या-पाचव्या वर्षीचा खर्च वर्गणीतून कसा भागेल हेही आकड्यांत दाखवावे. एकच कपाट दोन निधींत दाखवण्याचा मोह टाळावा. उपयोगिता प्रमाणपत्र देताना तेच बिल दोनदा जोडता येत नाही. अर्ज लिहायला बसण्यापूर्वी जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढावी. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, आणि अनेक मंडळांना हे बांधकामाची मंजुरी अडल्यावरच कळते.