ऑनलाइन क्लासिकल कोर्स की जवळची शाळा आणि संध्याकाळचा तास?

प्रवेशाचे दिवस जवळ आले की नंदुरबार, नवापूर, धुळे, जळगावकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतले तरुण आईबाप हाच विषय काढतात. अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थांचे 'क्लासिकल' कोर्स आता मोबाइलवर दिसतात. लॅटिन, तर्कशास्त्र, जुने थोर ग्रंथ आणि पवित्र शास्त्र असं सगळं एकत्र, तेही घरबसल्या. दुसरी वाट ओळखीची: मूल जवळच्या शाळेत घालायचं आणि संध्याकाळी घरी आपण शिकवायचं. माझा कल आधीच सांगून टाकते. आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी मी दुसरी वाट सुचवीन. मात्र तो संध्याकाळचा तास खरोखर व्हायला हवा.

आधी क्लासिकल म्हणजे काय ते बघू. मध्ययुगीन युरोपात शिक्षणाचा पाया तीन विद्यांचा होता: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. त्यावर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डला या तीन विद्या मुलांच्या वयाशी जोडून दाखवल्या. लहानपणी पाठांतर गोड लागतं, दहा-बाराव्या वर्षी मूल वाद घालू लागतं, पुढे त्याला स्वतःचं म्हणणं नीट मांडायचं असतं. आजचे बहुतेक ख्रिस्ती क्लासिकल कोर्स याच मांडणीवर उभे आहेत.

पाठांतर, प्रश्न आणि मांडणी या तिन्हींसाठी इंटरनेट लागत नाही, आणि आपल्या मातीला त्या परक्याही नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता. खुद्द भास्कराचार्य आपल्या वडिलांजवळच शिकले. पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर ख्रिस्ती घराने रोज आठवावं. शाळेचं तोंड न बघता, यात्रेच्या वाटेवर, आईवडिलांकडून त्या संस्कृत शिकल्या. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. लहानपणच्या पाठांतराने पुढच्या कामाला किती बळ दिलं असेल!

आता दोन्ही वाटांचा व्यवहार. ऑनलाइन वाटेत एक गोष्ट खरंच मोलाची आहे: चांगला शिक्षक आणि थोड्या मुलांत होणारी चर्चा. लॅटिन ज्यांना येत नाही (म्हणजे आपण जवळजवळ सगळे), त्यांना ते घरी शिकवता येणार नाही. अभ्यासाचा क्रमही तयार मिळतो, आपल्याला डोकं खाजवावं लागत नाही.

पण घड्याळ बघा. न्यूयॉर्कला सकाळी नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे थेट वर्ग असेल तर तो नेमका कौटुंबिक उपासनेच्या वेळी येतो. मूल कानात हेडफोन घालून आतल्या खोलीत आणि बाकीचं घर बाहेर 'उपासना-संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून बसलेलं. ख्रिस्ती शिक्षणासाठी ख्रिस्ती घराची संध्याकाळच मोडावी, हे मला पटत नाही. रेकॉर्ड केलेले धडे घेतले तर वेळ सुटते, पण चर्चा जाते, आणि पैसे तर आपण चर्चेसाठी मोजलेले असतात. फी डॉलरमध्ये, पुस्तकं परदेशातून, आणि वीज गेली की तासही गेला.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो. असं मूल पाच वर्षांत इंग्रजी आणि थोडं लॅटिन शिकेल. पण आजीजवळ बसून मराठी स्तोत्र अडखळत वाचेल, जोडाक्षरापाशी थांबेल. घरात अहिराणी किंवा मावची बोलली जात असेल तर अंतर आणखी वाढतं. उलट मागे एका घरी पाहिलं ते सांगते. आईने लूकचा दहावा अध्याय उघडला होता, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट: वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला बघून याजक पुढे निघून जातो आणि परका शोमरोनी मदत करतो. तिसरीतल्या मुलाने बोट ठेवून ती मोठ्याने वाचली. आईने विचारलं, "याजक का नाही रे थांबला?" पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "तो आपला गावना नही व्हता म्हनीसन." आई तिथे थांबली नाही. "मग शोमरोनी कुठला होता?" मूल पुन्हा पानात शिरलं. वाचन, तर्क आणि बोलणं, तिन्ही विद्या दहा मिनिटांत चटईवर बसून झाल्या.

शाळेच्या बाजूने आणखी एक: गाव. मूल वर्गात सगळ्या समाजांच्या मुलांबरोबर डबा खातं, भांडतं, कबड्डी खेळतं. त्याला इथेच राहायचं आहे, इथेच साक्ष द्यायची आहे. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलसारख्या मिशनच्या शाळा या भागात आहेत, पण जवळ मिशनची शाळा नसली तरी बिघडत नाही. शाळा उणी असेल, पाठ्यपुस्तकावर संपत असेल, तर ती उणीव तासभर संध्याकाळ भरून काढते.

परीक्षेचं दोन्हीकडे जमतं. घरी शिकणाऱ्याला एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, किंवा बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. कागदपत्रांची धावपळ मात्र आपल्यालाच करावी लागते.

संध्याकाळचा तास कसा असावा? महिन्याच्या तारखेप्रमाणे बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एक अध्याय, कारण ते नेमके ३१ आहेत. एक स्तोत्र पाठ करायला. ११९ वं १७६ ओव्यांचं आहे, पण त्याचे २२ भाग आहेत, मोठं मूल दोन आठवड्यांना एक भाग सहज करतं. पाढे तोंडी. मराठी व्याकरण, विशेषतः विभक्ती आणि समास, कारण ज्याला विभक्ती कळली त्याला पुढे लॅटिन किंवा ग्रीक अवघड जात नाही. मग त्या दिवशी वाचलेल्यावर एक प्रश्न, ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येणार नाही. बायबल छापील हवं. अ‍ॅपमध्ये वचन सापडतं लवकर, पण वाचतावाचता वरून व्हॉट्सअॅप टपकतं, आणि मुलाला ते वचन पानावर कुठे आहे हे कधीच लक्षात राहत नाही. त्या तासाला आईबापांचे फोनही दुसऱ्या खोलीत. मुलं हे लगेच ओळखतात.

ऑनलाइन पूर्ण वाट मी कोणाला सुचवीन? बदलीच्या नोकरीमुळे दर दोन वर्षांनी शाळा बदलणाऱ्या घराला, आजारपणामुळे मूल घरीच असेल तर, किंवा पायी जाण्यासारखी शाळाच नसेल आणि आईबापांपैकी एक जण दिवसभर मोकळं असेल तेव्हा. आणि दोघंही कामाला जात असतील तर मुळीच नाही. मग मुलाला शिकवणारं कोणीच उरत नाही, उरते फक्त स्क्रीन.

मधली वाटही चांगली आहे. सातवी-आठवीत गेल्यावर, मूल स्वतः मागेल तर, एखादाच ऑनलाइन विषय घ्यावा: लॅटिन किंवा तर्कशास्त्र. लॅपटॉप बैठकीच्या खोलीत, वेळ शनिवारची. पैसे भरण्याआधी एक महिना घरचा तास करून बघा. तो टिकला तर कोर्स घेण्यात अर्थ आहे. तो टिकत नसेल, तर कितीही फी भरलेला कोर्सही दिवाळीनंतर बंद पडेल, कारण त्यालाही रोज कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसायला लागतंच.