५० मीटर रायफलसाठी परवडणारा स्पॉटिंग स्कोप: २०-६०×६० कितपत पुरतो?

टार्गेटवर गोळी कुठे लागली ते पाहण्याची, रायफलला न जोडलेली दुर्बीण म्हणजे स्पॉटिंग स्कोप. त्याच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा झूमचा असतो, आणि ५० मीटर रायफल मारणाऱ्याला सर्वांत कमी उपयोगाचा आकडाही तोच असतो. पंधरा हजार रुपयांच्या आत बसणारा स्कोप शोधताना मी शेवटी २०-६०×६० या मापाचा (म्हणजे वीस ते साठपट झूम आणि पुढचे भिंग साठ मिलिमीटरचे), ४५ अंशांत वाकलेल्या आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भागाचा, एक साधा स्कोप घेतला. याच बांधणीचे स्कोप बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळतात, त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या कंपनीपेक्षा या मापाविषयी आहे असे समजावे. नेमबाजीच्या कामाला हा स्कोप पुरतो. त्याच्यासोबत येणारा ट्रायपॉड मात्र पुरत नाही, आणि खरेदीचा सगळा हिशेब तिथेच बदलतो.

आपल्याला स्कोप लागतो का, हे आधी पाहावे. ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य हा नेमबाजी क्लब पनवेलला असल्यामुळे नवी मुंबईत नेमबाजी नवी नाही. पण मुलांची सुरुवात सहसा १० मीटर एअर रायफलने होते आणि तिथे स्कोपवर पैसे घालण्याचे कारण नाही. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे रायफलला न जोडलेली दुर्बीण फक्त ५० आणि ३०० मीटरच्या प्रकारांत वापरता येते. ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर बसून, प्रोन म्हणजे पोटावर झोपून आणि स्टँडिंग म्हणजे उभे राहून) स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या प्रकाराकडे वळणाऱ्यांसाठी हा खर्च आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलेल्या रेंजवर गोळी कुठे लागली ते शेजारच्या पडद्यावर दिसते. कागदी टार्गेटवर सराव करायचा तर मात्र स्कोपवाचून गत्यंतर नाही.

आता झूमविषयी. ५० मीटरला वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू टू (.२२) रायफलच्या गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर असतो, टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि सगळा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा. वीसपट मोठे करणाऱ्या स्कोपमधून ५० मीटरवरचे टार्गेट अडीच मीटरवर ठेवल्यासारखे दिसते, आणि अडीच मीटरवरून एवढे छिद्र कोणालाही दिसावे. खरी अडचण छिद्राच्या आकाराची नसून रंगाची आहे. पांढऱ्या भागात गेलेली गोळी लगेच कळते. काळ्या भागातले छिद्र, त्यातही टार्गेटच्या मागे अंधार असेल तर, काळ्यावर काळे होऊन बसते. तिथे झूम वाढवून फारसे साधत नाही, कारण हवा असतो तो उजेड आणि रेखीव कडा. साठ मिलिमीटरचे भिंग वीसपटीला डोळ्यात ३ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत सोडते, साठपटीला फक्त १ मिलिमीटरचा. माझ्या स्कोपमध्ये वीसपटीला छिद्राची फाटकी कडा आणि तिला चिकटलेली वर्तुळाची पांढरी रेघ वेगवेगळी दिसते, तिशीपर्यंत चित्र टिकते, चाळिशीनंतर ते मऊ पडू लागते, आणि साठाला तर टार्गेट जणू ताकात बुडवलेले दिसते. दुकानात मात्र तो साठच मोठ्या अभिमानाने दाखवला जातो.

ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो) पाहणारी मंडळीही हेच स्कोप वापरतात आणि ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाचा सल्ला आपल्याला सहज मिळतो. तो ऐकावा, पण जपून. ऐरोलीच्या काठावर उभे राहून दूरवरचा थवा न्याहाळणाऱ्याला मोठे भिंग, जास्त झूम आणि रंगांची शुद्धता हवी असते. आपल्याला एकाच अंतरावरचा एकच कागद, तोही अंग न हलवता पाहायचा असतो.

हे अंग न हलवणेच निवडीत सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रोनमध्ये स्लिंग (दंडाला अडकवलेला रायफलचा पट्टा) ताणलेली, कोपर मॅटवर रुतलेले, गाल रायफलच्या स्टॉकवर (दस्त्यावर) टेकलेला अशी बैठक एकदा जमली की पुढची प्रत्येक गोळी त्याच बैठकीतून सुटली पाहिजे. गोळी पाहण्यासाठी मान उचलावी लागली तर बैठक मोडते आणि पुढच्या गोळीचा नेम नव्याने बसवावा लागतो. म्हणून उजव्या हाताने मारणाऱ्याच्या डाव्या डोळ्याजवळ आयपीस इतका आला पाहिजे की डोके जेमतेम कलवले तरी टार्गेट दिसावे. सरळ नळीच्या स्कोपमध्ये हे प्रोनला अवघडच जाते, कारण डोळा थेट नळीच्या मागे न्यावा लागतो. वाकलेला आयपीस घ्यावा, आणि स्कोप आपल्या कड्यात गोल फिरतो की नाही हेही पाहावे. तो फिरला तरच आयपीस आडवा करून चेहऱ्याकडे आणता येतो. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो घालूनच पूर्ण वर्तुळ दिसते का ते तपासावे. स्वस्त झूम आयपीसमध्ये दृश्य अरुंद असते आणि डोळा जरा सरकला की काळी सावली येते. मला तिची सवय झाली, पण हा दोष आहेच.

सोबत मिळालेला टेबलावरचा बुटका ट्रायपॉड प्रोनला कसाबसा चालतो, नीलिंगला डोळ्यापर्यंत पोचत नाही, आणि स्टँडिंगला तर त्याचा विचारही नको. फोकसच्या कड्याला बोट लावले की चित्र दोन-तीन क्षण थरथरत राहते. परदेशी नेमबाजी स्टँड उत्तम असतात, परंतु त्यांची किंमत स्कोपच्या बरोबरीने जाते. ठाण्यात यावर सोपा उपाय आहे. वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशनच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी जाड लोखंडी पत्र्याची बैठक, तिच्यावर दोन तुकड्यांत जोडता येणारा उभा रॉड आणि त्यावर वरखाली सरकणारा आडवा हात करून घेतला. हाताच्या टोकाला कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला असतो तोच पाव इंची स्क्रू बसवला की कोणताही स्कोप त्यावर चढतो. दिसायला ही वस्तू ओबडधोबड आहे आणि तिचे वजन लोकलच्या गर्दीत जाणवते, पण तीच वजनदार बैठक वाऱ्यात स्कोप स्थिर ठेवते. पैसे मोजकेच असतील तर ५० मिलिमीटरचा स्कोप घेऊन उरलेले स्टँडवर घालावेत, असे माझे ठाम मत आहे.

स्कोपचा दुसरा उपयोग मिराज, म्हणजे तापलेल्या हवेची थरथर, वाचण्याचा. फोकस टार्गेटच्या किंचित अलीकडे आणला की तापलेल्या हवेच्या लाटा दिसतात आणि त्या कोणत्या बाजूला वाहतात त्यावरून वारा कळतो. वीस-पंचवीसपटीला हे स्वच्छ दिसते. साठपटीला छिद्रच नाचू लागते.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेल्या भिंगांवर बुरशी धरते, आणि आतल्या भिंगावरची बुरशी काढण्याचा खर्च या किमतीच्या स्कोपला परवडत नाही. नायट्रोजन भरून सीलबंद केलेला स्कोप मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत, आणि तरीही तो रेंजवरून आल्यावर पुसून, सुकवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. कापडी पिशवी दमट होते, ती बाहेरच राहू द्यावी.

३०० मीटरसाठी मात्र हे माप घेऊ नये. तिथे वीसपटीला कागद पंधरा मीटरवर ठेवल्यासारखा दिसतो, ७.६२ मिलिमीटरचे छिद्र डोळ्याच्या क्षमतेच्या काठावर येते आणि झूम वाढवावे तर साठ मिलिमीटरचे स्वस्त भिंग साथ सोडते. त्यासाठी ८० मिलिमीटरचा, चांगल्या काचेचा स्कोप लागतो आणि तो पंधरा हजारांत बसत नाही.